अमेरिकेतील न्यायाधीशांच्या नेमणुका आणि स्त्रियांचे प्रजनन हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या राज्यघटनेतील ज्या कलमाच्या आधारे १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य झाला, त्या कलमाचा मजकूर २०२२ मध्ये तो हक्क काढून घेतला गेला तेव्हाही अक्षरशः तोच होता. मधल्या एकोणपन्नास वर्षांत सर्वोच्च न्यायालयातील नऊच्या नऊ न्यायमूर्ती मात्र बदलले होते. ही माणसे कशी बदलतात, कोण बदलतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रजनन हक्कांचा निर्णय न्यायालयाच्या हाती का गेला?

अमेरिकेच्या राज्यघटनेत गर्भपात, गर्भनिरोधक किंवा गर्भधारणा यांपैकी एकाही शब्दाचा उल्लेख नाही. १८६८ मध्ये स्वीकारलेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीत एवढेच म्हटले आहे की, योग्य कायदेशीर प्रक्रियेवाचून कोणत्याही राज्याने कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ नये. यातील ‘स्वातंत्र्य’ या शब्दात नेमके काय काय येते, हे न्यायमूर्तींनाच ठरवावे लागते. विवाहित जोडप्याला गर्भनिरोधके वापरण्याचे स्वातंत्र्य आहे, हे न्यायालयाने १९६५ मध्ये ग्रिसवोल्ड विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात सांगितले. अविवाहितांना तेच स्वातंत्र्य १९७२ मध्ये आयझेनस्टाट विरुद्ध बेअर्ड या खटल्यात मिळाले. आणि २२ जानेवारी १९७३ रोजी रो विरुद्ध वेड या खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी गर्भपाताचा निर्णयही त्याच स्वातंत्र्याच्या कक्षेत आणला गेला. हे तिन्ही हक्क एकाच शब्दाच्या अर्थावर उभे होते. त्यामुळे तो अर्थ लावण्यासाठी न्यायासनावर कोण बसतो, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच महत्त्वाचा होता.

न्यायमूर्तींची नेमणूक कोण करते आणि किती काळासाठी?

राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट त्याला संमती देते किंवा नाकारते. आधी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे उमेदवाराची जाहीर सुनावणी होते आणि नंतर शंभर सदस्यांच्या सभागृहात मतदान होते. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयालाच नव्हे, तर संघराज्याच्या जिल्हा न्यायालयांना आणि अपील न्यायालयांनाही लागू आहे. नेमणूक तहहयात असते. महाभियोगाने काढून टाकण्याची तरतूद असली तरी प्रत्यक्षात जागा रिकामी होते ती बहुधा निवृत्तीने किंवा मृत्यूने.

जागा कधी रिकामी होईल याला कोणतेही वेळापत्रक नसल्यामुळे योगायोगाला भलतेच महत्त्व येते. जिमी कार्टर यांना चार वर्षांच्या कारकिर्दीत सर्वोच्च न्यायालयात एकही न्यायमूर्ती नेमता आला नाही, तर डोनाल्ड ट्रम्प यांनी आपल्या पहिल्या चार वर्षांत तीन नेमले. लाखो स्त्रियांचा हक्क कोणाची प्रकृती कधी ढासळते यावर अवलंबून असावा, ही व्यवस्थेतील फार मोठी उणीव आहे, असे मला वाटते.

आणखी एक बदल ध्यानात ठेवावा लागतो. सिनेटमध्ये चर्चा लांबवून मतदान रोखण्याची, म्हणजेच फिलिबस्टरची, मुभा होती आणि ती मोडून काढायला साठ मते लागत. खालच्या न्यायालयांच्या नेमणुकांपुरती ही अट डेमोक्रॅटिक बहुमताने २०१३ मध्ये काढली, आणि सर्वोच्च न्यायालयासाठी रिपब्लिकन बहुमताने ती २०१७ मध्ये काढली. साठ मते लागत तेव्हा विरोधी पक्षाच्या काही सदस्यांना पटेल असे नाव सुचवावे लागे. आता स्वपक्षाची साधी बहुसंख्या पुरते, आणि मध्यममार्गी उमेदवार शोधण्याचे कारणच उरलेले नाही.

रोचा निकाल डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या न्यायमूर्तींनी दिला होता का?

नाही. बहुमतातील सात न्यायमूर्तींपैकी पाच जण रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. निकालपत्र लिहिणारे हॅरी ब्लॅकमन यांना रिचर्ड निक्सन यांनी नेमले होते. विरोधात गेलेल्या दोघांपैकी बायरन व्हाइट यांची नेमणूक जॉन केनेडी यांची, म्हणजे डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांची होती. गर्भपाताविषयीचे मत ही उमेदवार निवडण्याची कसोटी त्या काळी झालेली नव्हती. ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत झाली आणि मग दोन्ही पक्षांनी नावे पारखण्याची पद्धतच बदलली.

त्या पारखण्याचा पहिला मोठा प्रसंग कोणता?

१९८७ मध्ये न्यायमूर्ती लुइस पॉवेल निवृत्त झाले आणि रोनाल्ड रेगन यांनी त्यांच्या जागी रॉबर्ट बोर्क यांचे नाव सुचवले. रोच्या निकालाला घटनेत आधार नाही, असे बोर्क उघडपणे म्हणत आलेले होते. २३ ऑक्टोबर १९८७ रोजी सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारले. त्यानंतर सुचवलेल्या उमेदवाराने माघार घेतली, आणि अखेर फेब्रुवारी १९८८ मध्ये अँथनी केनेडी यांची नेमणूक ९७ विरुद्ध ० मतांनी झाली.

त्या एका फेटाळलेल्या नावाचे मोल १९९२ मध्ये कळले. प्लॅन्ड पेरेंटहूड विरुद्ध केसी या खटल्यात रोचा निकाल उलटवला जाईल, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात सँड्रा डे ओकॉनर, अँथनी केनेडी आणि डेव्हिड सूटर या तिघांनी, तिघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले असताना, संयुक्त निकालपत्र लिहून गर्भपाताचा मूळ हक्क पाच विरुद्ध चार मतांनी राखला. राज्यांना निर्बंध घालण्याची पूर्वीपेक्षा अधिक मोकळीक मिळाली, पण स्त्रीच्या वाटेत अवाजवी अडथळा उभा करता येणार नाही, अशी मर्यादाही आखली गेली. पॉवेल यांच्या जागेवर केनेडी यांच्याऐवजी बोर्क बसले असते, तर रोचा शेवट तीस वर्षे आधीच झाला असता, असे मानायला भरपूर जागा आहे.

या खटल्यातील एक तरतूद जवळून पाहण्यासारखी आहे. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीला गर्भपातापूर्वी ‘मी माझ्या पतीला सांगितले आहे’ अशा निवेदनावर सही करावी लागे, आणि त्यातून सूट फारच थोड्या प्रसंगी होती. ज्या स्त्रीला घरात मारहाण होते तिच्यासाठी ती सही म्हणजे काय असेल, याचा विचार करून संयुक्त निकालपत्राने ही तरतूद रद्द केली. हा खटला त्याआधी अपील न्यायालयात होता तेव्हा तेथील तीन न्यायाधीशांपैकी एकाने ही तरतूद वैध ठरवण्याच्या बाजूने मत दिले होते. ते न्यायाधीश म्हणजे सॅम्युएल अलिटो. चौदा वर्षांनी ओकॉनर निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी नेमणूक झाली ती अलिटो यांचीच.

ब्लॅकमन यांनी त्याच खटल्यातील आपल्या स्वतंत्र मतपत्रात लिहिले होते की, मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे, या न्यायालयात कायमचा राहू शकत नाही, आणि माझ्या जागी येणाऱ्याच्या नेमणुकीची चर्चा याच प्रश्नाभोवती फिरण्याचा संभव आहे. हक्क आपल्या वयावर तोलला जातो आहे, हे न्यायमूर्तीनेच निकालपत्रात नोंदवून ठेवावे, असे क्वचितच घडते.

एका जागेने निकाल खरोखर फिरतो, याचे ठोस उदाहरण आहे का?

आहे, आणि ते अगदी शेजारी शेजारी ठेवता येते. २००० मध्ये स्टेनबर्ग विरुद्ध कारहार्ट या खटल्यात गर्भपाताच्या एका विशिष्ट पद्धतीवर बंदी घालणारा नेब्रास्काचा कायदा न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. स्त्रीच्या आरोग्यासाठी त्यात अपवाद ठेवलेला नव्हता, हे एक प्रमुख कारण होते. २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, त्याच पद्धतीवर देशभर बंदी घातली आणि त्या कायद्यातही आरोग्याचा अपवाद नव्हता. जानेवारी २००६ मध्ये ओकॉनर यांच्या जागी अलिटो आले, आणि २००७ मध्ये गोन्झालेस विरुद्ध कारहार्ट या खटल्यात न्यायालयाने हा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला. वैद्यकशास्त्र त्या सात वर्षांत उलटे फिरलेले नव्हते. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी त्या दिवशी आपले विरोधी मत न्यायासनावरून वाचून दाखवले.

२०१६ ते २०२० या काळात नेमके काय घडले?

फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचे निधन झाले. बराक ओबामा यांनी मार्चमध्ये मेरिक गार्लंड यांचे नाव सुचवले. सिनेटमधील बहुमताचे नेते मिच मॅकॉनेल यांनी मात्र स्कॅलिया यांच्या निधनाच्या दिवशीच जाहीर केले होते की, हे निवडणुकीचे वर्ष असल्याने ही जागा नव्या राष्ट्राध्यक्षांनीच भरावी. गार्लंड यांचे नाव २९३ दिवस पडून राहिले. त्यांची सुनावणीसुद्धा झाली नाही. दरम्यान ऑक्टोबर २०१६ मधील प्रचाराच्या वादसभेत ट्रम्प यांनी सांगितले की, आपण न्यायालयात गर्भपातविरोधी न्यायमूर्ती नेमणार असल्यामुळे रोचा निकाल आपोआपच उलटेल. त्यांनी हे लपवून ठेवले नव्हते, हे विसरून चालणार नाही.

एप्रिल २०१७ मध्ये स्कॅलिया यांच्या जागी नील गोर्सच यांची नेमणूक ५४ विरुद्ध ४५ मतांनी झाली. २०१८ मध्ये केनेडी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी ब्रेट कॅव्हनॉ ५० विरुद्ध ४८ मतांनी आले. १८ सप्टेंबर २०२० रोजी गिन्सबर्ग यांचे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी निधन झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सात आठवड्यांच्या आत होती. चार वर्षांपूर्वीचा युक्तिवाद या वेळी लागू केला गेला नाही. अनेक राज्यांत मुदतपूर्व मतदान सुरू असतानाच २६ ऑक्टोबर रोजी एमी कोनी बॅरेट यांची नेमणूक ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंजूर झाली.

वकिलांनी हा बदल कसा टिपला, ते मिसिसिपीच्या खटल्यात दिसते. या राज्याने पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारा कायदा २०१८ मध्ये केला आणि खालच्या न्यायालयांनी तो रोखला. जून २०२० मध्ये, गिन्सबर्ग हयात असताना, राज्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि या प्रश्नांचा निर्णय करण्यासाठी रोचा निकाल उलटवण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले. बॅरेट आल्यानंतर, जुलै २०२१ मध्ये, त्याच राज्याने त्याच खटल्यात लेखी युक्तिवाद सादर केला आणि रो व केसी हे दोन्ही निकाल मोडीत काढावेत अशी सरळ मागणी केली. पक्षकार आणि कायदा तेच होते. समोर कोण बसले आहे हे पाहून मागणी मोठी झाली.

डॉब्जच्या निकालात कोणी काय मत दिले?

मिसिसिपीच्या या खटल्याचा, म्हणजे डॉब्ज विरुद्ध जॅक्सन विमेन्स हेल्थ ऑर्गनायझेशनचा, निकाल २४ जून २०२२ रोजी लागला. निकालपत्र अलिटो यांनी लिहिले. क्लॅरेन्स थॉमस, गोर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट त्यांच्याशी सहमत झाले. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी मिसिसिपीचा कायदा वैध मानला, पण रोचा निकाल पूर्ण उलटवण्याची या खटल्यात गरज नाही असे लिहिले. स्टीफन ब्रेयर, सोनिया सोटोमायोर आणि एलेना केगन विरोधात होते. म्हणजे मिसिसिपीच्या कायद्यापुरते मतदान सहा विरुद्ध तीन, आणि रोचा शेवट करण्यापुरते पाच विरुद्ध चार असे झाले. त्या पाचांतील तिघे ट्रम्प यांनी नेमलेले होते.

नेमणुकीच्या सुनावणीत या न्यायमूर्तींनी रोविषयी काय सांगितले होते?

कॅव्हनॉ यांनी रो हा वारंवार पुष्टी मिळालेला महत्त्वाचा पूर्वनिर्णय असल्याचे सांगितले होते. गोर्सच यांनीही तो सर्वोच्च न्यायालयाचा पूर्वनिर्णय असल्याचे मान्य केले होते. बॅरेट यांनी मात्र, ज्यांच्याविषयी आता कोणी वादच घालत नाही अशा निकालांत आपण रोची गणना करत नाही, असे स्पष्ट केले होते. शब्दशः पाहिले तर तो निकाल आपण कधीच उलटवणार नाही असे वचन कोणीही दिले नव्हते. भावी खटल्यांविषयी मत सांगायचे नाही हा संकेत सर्वच उमेदवार पाळतात. गिन्सबर्ग यांनीही १९९३ च्या सुनावणीत आपण सूचना किंवा भाकिते देणार नाही असे सांगितले होते. म्हणून सुनावणीतील गोड उत्तरांपेक्षा उमेदवाराने पूर्वी दिलेले निकाल, लेख आणि भाषणे वाचणे अधिक उपयोगी ठरते. अलिटो यांचे केसी खटल्यातील, अपील न्यायालयात लिहिलेले १९९१ चे मतपत्र सर्वांसाठी उपलब्धच होते.

सर्वोच्च न्यायालय सोडले, तर खालच्या न्यायालयांतील नेमणुकांना किती महत्त्व आहे?

लोकांना वाटते त्याहून पुष्कळ अधिक. सर्वोच्च न्यायालय वर्षाला साधारण साठ खटल्यांतच सविस्तर सुनावणी करून निकाल देते; बाकीच्या हजारो प्रकरणांत अपील न्यायालयाचा शब्द हाच शेवटचा शब्द असतो. ट्रम्प यांनी पहिल्या चार वर्षांत अपील न्यायालयांवर ५४ न्यायाधीश नेमले, तर ओबामा यांनी आठ वर्षांत ५५. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी ही राज्ये ज्याच्या कक्षेत येतात त्या पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयात ट्रम्प यांच्या त्या नेमणुकांपैकी सहा जण गेले.

गर्भपातासाठी वापरल्या जाणाऱ्या मिफेप्रिस्टोन या औषधाचे प्रकरण या संदर्भात बोलके आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला २००० मध्ये मान्यता दिली होती. टेक्सासमधील अमारिलो येथे दिवाणी दावा दाखल केला की तो जवळजवळ हमखास मॅथ्यू कॅक्समेरिक या एकाच जिल्हा न्यायाधीशाकडे जातो. त्यांची नेमणूक २०१९ मध्ये झाली होती आणि त्याआधी ते एका धार्मिक स्वातंत्र्यवादी कायदेविषयक संस्थेचे वकील होते. औषधाविरुद्ध दावा लावणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेची नोंदणी अमारिलोत ऑगस्ट २०२२ मध्ये झाली आणि त्याच वर्षी दावाही तेथेच दाखल झाला. ७ एप्रिल २०२३ रोजी कॅक्समेरिक यांनी त्या मान्यतेला देशभर स्थगिती देणारा आदेश काढला. त्याच दिवशी वॉशिंग्टन राज्यातील जिल्हा न्यायाधीश थॉमस राइस यांनी आपल्यापुढे आलेल्या सतरा राज्यांपुरती त्या औषधाची उपलब्धता आहे तशीच ठेवावी, असा आदेश दिला. औषध, प्रशासन आणि तारीख एकच असूनही परस्परविरोधी आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत टेक्सासचा आदेश थोपवला आणि १३ जून २०२४ रोजी, या डॉक्टरांना दावा लावण्याचा अधिकारच पोहोचत नाही, असे एकमताने ठरवले. हा निकाल पात्रतेपुरता होता. औषधाचा प्रश्न त्याने कायमचा मिटलेला नाही.

राज्यांच्या न्यायालयांचे काय?

डॉब्जनंतर खरी लढाई तेथेच आहे, कारण प्रत्येक राज्याला स्वतःची राज्यघटना आहे आणि तिचा अर्थ त्या राज्याचे सर्वोच्च न्यायालय लावते. न्यायमूर्ती नेमण्याच्या पद्धतीही राज्यागणिक वेगळ्या आहेत. कोठे गव्हर्नर नेमतात, कोठे नामनिर्देशन आयोग नावे देतो, कोठे थेट निवडणूक होते, तर कोठे विधिमंडळच न्यायमूर्ती निवडते.

साउथ कॅरोलायना हे या शेवटच्या प्रकारातले राज्य आहे. जानेवारी २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावरील बंदी तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केली. प्रमुख निकालपत्र के हर्न यांनी लिहिले होते; त्या न्यायालयातील त्या एकमेव स्त्री होत्या. बहात्तर वर्षांच्या वयोमर्यादेमुळे त्या लगेच निवृत्त झाल्या आणि विधिमंडळाने त्यांच्या जागी गॅरी हिल यांना निवडले. पाचही न्यायमूर्ती पुरुष झाले. विधिमंडळाने बराचसा तसाच कायदा पुन्हा केला, आणि ऑगस्टमध्ये त्याच न्यायालयाने तो चार विरुद्ध एक मताने वैध ठरवला. आधी बंदीच्या विरोधात असलेल्या आणखी एका न्यायमूर्तींनी नव्या मसुद्यातील फरकांवर बोट ठेवून आपले मत बदलले होते, हेही सांगितले पाहिजे. सगळे श्रेय एका रिकाम्या झालेल्या खुर्चीला देणे बरोबर होणार नाही. तरी ज्या बंदीमुळे अनेकींना आपण गरोदर आहोत हे कळेपर्यंत मुदत संपलेली असते, तिची वैधता ठरवताना त्या पाच खुर्च्यांवर एकही स्त्री नव्हती, ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

आयोवामध्ये २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात हा मूलभूत हक्क मानला, २०१९ मध्ये कायदा बदलून नामनिर्देशन आयोगात गव्हर्नरांचे वजन वाढवले गेले, आणि जून २०२२ मध्ये बहुतांशी नव्या न्यायमूर्तींच्या त्याच न्यायालयाने स्वतःचाच चार वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला. फ्लोरिडातही तसेच झाले. तेथील राज्यघटनेत १९८० पासून खासगीपणाचा स्पष्ट हक्क आहे आणि त्यात गर्भपात येतो असे १९८९ मध्ये ठरले होते. १ एप्रिल २०२४ रोजी, सातपैकी पाच न्यायमूर्ती गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी नेमलेले असताना, तो अर्थ सहा विरुद्ध एक मताने नाकारला गेला आणि महिनाभरात सहा आठवड्यांची बंदी लागू झाली.

न्यायालयाच्या निकालाला चार दिवस इकडे तिकडे झाले तर काय बिघडते?

टेक्सासमधील डिसेंबर २०२३ चे प्रकरण पाहावे. दोन मुलांची आई असलेली एक स्त्री सुमारे वीस आठवड्यांची गरोदर होती. गर्भाला ट्रायसोमी अठरा हा गुणसूत्रांचा गंभीर विकार होता, तिची आधीची दोन्ही बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली होती, आणि गर्भ तसाच वाढू दिला तर पुढे मूल होण्याची शक्यताच धोक्यात येईल, असे तिचे म्हणणे होते. गुरुवारी ऑस्टिनमधील जिल्हा न्यायाधीशांनी तिला गर्भपाताची परवानगी दिली. शुक्रवारी रात्री राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या परवानगीला स्थगिती दिली. शनिवार आणि रविवार गेला. सोमवारी तिच्या वकिलांनी कळवले की ती उपचारांसाठी राज्याबाहेर गेली आहे, आणि त्याच संध्याकाळी न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला.

परवानगी देणाऱ्या न्यायाधीश आणि ती रोखणारे नऊ न्यायमूर्ती हे सर्व निवडणुकीच्या पद्धतीने चालणाऱ्या न्यायव्यवस्थेतले होते. फरक इतकाच की न्यायाधीश ऑस्टिनच्या परिसरातील मतदारांना उत्तरदायी होत्या आणि न्यायमूर्ती संपूर्ण राज्यातील मतदारांना. तारीख पुढे जाणे ही न्यायालयात नित्याची बाब असते. गर्भारपणात मात्र प्रत्येक आठवड्याबरोबर शस्त्रक्रियेची जोखीम आणि प्रवासाचे अंतर वाढत जाते.

हा प्रश्न गर्भपातापुरताच आहे का?

नाही. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने, जेथील न्यायमूर्ती पक्षनिहाय निवडणुकीने येतात, गर्भाशयाबाहेर गोठवून ठेवलेले भ्रूणही अल्पवयीन मुलांच्या मृत्यूविषयीच्या कायद्यात ‘मूल’ ठरतात, असा निर्णय दिला. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार करणाऱ्या अनेक केंद्रांनी काम थांबवले. ज्या स्त्रियांनी महिनोन्‌महिने इंजेक्शने घेऊन शरीराची तयारी केली होती, त्यांच्या ठरलेल्या तारखा रद्द झाल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात विधिमंडळाने केंद्रांना संरक्षण देणारा कायदा केला तेव्हा काम पुन्हा सुरू झाले. मूल नको असलेल्या स्त्रीइतकाच मूल हवे असलेल्या स्त्रीचाही न्यायाधीशांच्या नेमणुकीशी संबंध आहे, हे त्या तीन आठवड्यांत अनेक घरांना समजले.

गर्भनिरोधकांचा हक्क धोक्यात आहे का?

डॉब्जच्या बहुमताने आपला निकाल गर्भपातापुरताच असल्याचे लिहिले आहे. थॉमस यांनी मात्र स्वतंत्र मतपत्रात ग्रिसवोल्डसह त्याच पायावर उभ्या असलेल्या निकालांचा फेरविचार करावा असे म्हटले, आणि त्यात त्यांना कोणाचीही साथ मिळाली नाही. आज तो एकाचा आवाज आहे. पुढे कोणत्या विचारांची माणसे नेमली जातात, यावर तो एकाचाच राहतो की नाही हे ठरेल.

मतदारांनीच राज्यघटनेत हक्क लिहून घेतला, तर न्यायाधीशांचे महत्त्व संपते का?

कमी होते, संपत नाही. मिशिगनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि ओहायोत नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांनी असा हक्क राज्यघटनेत घातला. फ्लोरिडात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५७ टक्के मतदार बाजूने असूनही साठ टक्क्यांच्या अटीमुळे प्रस्ताव पडला. मिसुरीत त्याच महिन्यात दुरुस्ती मंजूर झाली, तरी जुन्या निर्बंधांपैकी कोणते टिकतात हे न्यायालयांनाच ठरवावे लागले. २०२५ मध्ये तेथील सेवा एका आदेशाने बंद पडली आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या आदेशाने पुन्हा सुरू झाली. हक्काचे वाक्य मतदारांनी लिहिले तरी ते वाचण्याचे काम न्यायासनाकडेच राहते.

काँग्रेस देशभराचा कायदा का करत नाही?

प्रयत्न झाला. गर्भपाताच्या हक्काला संरक्षण देणारे विधेयक सप्टेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण मे २०२२ मध्ये सिनेटमध्ये त्याला ४९ विरुद्ध ५१ मते पडली. साधे बहुमतही मिळाले नाही, आणि मिळाले असते तरी ते पुरले नसते. न्यायमूर्तीच्या नेमणुकीला साधे बहुमत पुरते आणि सामान्य कायद्याला प्रत्यक्षात साठ मते लागतात, ही विषमता येथे आडवी येते.

न्यायाधीशांकडे असे पाहणे म्हणजे न्यायालयाला राजकीय ठरवणे नव्हे का?

हा आक्षेप गंभीर आहे. डॉब्जचे समर्थक म्हणतात की, ज्या प्रश्नावर घटना मौन बाळगते तो निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे परत देणे हीच न्यायालयीन नम्रता आहे, आणि रोच्या निकालानेच राजकारण न्यायालयात आणले. बहुसंख्य न्यायाधीश बहुसंख्य खटल्यांत प्रामाणिकपणे कायदाच वाचतात, हेही खरे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, ‘स्वातंत्र्य’ यासारख्या व्यापक शब्दाचा अर्थ लावताना इतिहासाला किती वजन द्यायचे आणि आज जगणाऱ्या स्त्रीच्या परिस्थितीला किती, याची निवड कायदा करून देत नाही. ती निवड न्यायाधीशाची असते, आणि उमेदवार निवडणाऱ्या पक्षांना ती आधीपासून ठाऊक असते. त्यांना ठाऊक असलेली गोष्ट स्त्रियांनी माहीत करून घेतली तर त्यात न्यायालयाचा अवमान होत नाही.

एखाद्या नेमणुकीचा परिणाम दिसायला किती वेळ लागतो?

ओकॉनर यांची जागा बदलल्यावर सव्वा वर्षात निकाल फिरला. बॅरेट यांच्या नेमणुकीनंतर वीस महिन्यांत रो गेला. विस्कॉन्सिनमध्ये प्रवाह उलट दिशेने वाहिला. डॉब्जनंतर तेथे १८४९ च्या एका कायद्याच्या धास्तीने गर्भपात सेवा बंद पडली होती. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेची निवडणूक जॅनेट प्रोटासेविच यांनी सुमारे अकरा टक्क्यांच्या फरकाने जिंकली. त्या एका जागेसाठी दोन्ही बाजूंनी मिळून ४ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता. न्यायालयातील बहुमत बदलले. सप्टेंबरमध्ये, खालच्या न्यायालयाच्या निर्णयानंतर, सेवा पुन्हा सुरू झाली, आणि २ जुलै २०२५ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १८४९ चा कायदा आता अंमलात नसल्याचे चार विरुद्ध तीन मतांनी जाहीर केले. प्रोटासेविच यांची दहा वर्षांची मुदत २०३३ मध्ये संपते.